शिरीषाभोवतीची फरशी

४ जुलै

प्रिय गुंड्यास,

अनेक आशीर्वाद. तू, आपली धाकटी सूनबाई आणि पोरगी खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे साठी उलटलेल्या माणसांनी जेवढं बरं असावं तेवढे. तुझ्या वहिनीचा डावा गुडघा आणि माझी कंबर यांची रोज सकाळी चढाओढ लागते. फरशी बसवायचं काम मी दोन वर्षांपूर्वी सोडलं. आता उकिडवा बसलो तर उठवायला माणूस लागतो.

तुझा पत्ता अक्काकडून घेतला. तिने तो सुखासुखी दिला नाही. 'कशाला हवाय?' असं तीनदा विचारलं. आपली बहीण पोलिसात असती तर चोरांचं काही खरं नव्हतं. फोन नंबरही देत होती, पण मला फोनवर काही सुचत नाही हे तुला ठाऊक आहे. आणि इतक्या वर्षांनी एकदम आवाज ऐकवायचा म्हणजे जरा विचित्रच, म्हणून पत्र.

निमित्त असं की मे महिन्यात अंगणाखालचा सांडपाण्याचा पाइप फुटला. प्लंबर आला, इकडे तिकडे कान लावून बघितलं आणि म्हणाला, 'फरशी उखडावी लागेल.' माझी फरशी! करड्या आणि तांबड्या चौकटींची, दारापासून फाटकापर्यंत एकसारख्या उताराची. कुठेही तांब्याभर पाणी ओता, ते सरळ जाळीपाशी जाणार. नव्या गिऱ्हाइकाला मी आधी ते अंगण दाखवायला आणत असे. त्या अंगणावर त्याने घण घातला तेव्हा मी आत जाऊन रेडिओ मोठा केला.

त्या खोदकामात जुन्या शिरीषाचं खुंट निघालं. झाड वाळल्यावर आम्ही जमिनीलगत कापून घेतलं होतं, त्याचा खाली राहिलेला भाग. त्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. जुनं लाकूड होतं, काढून टाकलं.

जागा मोकळी झालीच आहे तर तिथे पुन्हा झाड लावायचं ठरवलं. शिरीष गेल्यापासून पश्चिमेची भिंत दुपारी इतकी तापते की पंखा लावला की गरम वाफा अंगावर येतात. वहिनीचं म्हणणं, बारमाही हिरवं असं काहीतरी शोभेचं लावावं, पानांचा कचरा नको. त्यासाठी रोपवाटिकेत गेलो. तिथली बाई चाळिशीची असेल, पण बोलायला अशी की मला शाळेतले दिवस आठवले. म्हणाली, "काका, थंडीत तुम्हाला भिंतीवर ऊन नको का? इथल्याच मातीतलं पानझडीचं झाड लावा. उन्हाळ्यात सावली देईल, थंडीत पानं टाकून ऊन आत सोडेल. बाहेरून आणलेल्या झाडाचे लाड करायला तुमच्याकडे वेळ आहे का?"

आई अगदी हेच म्हणायची. ती कामाला होती त्या शाळेच्या मैदानावरच्या शेंगा पदरात बांधून आणल्या तेव्हा म्हणाली होती, 'असा शहाणा दारवान पगार देऊन तरी मिळेल का?' मी त्या बाईकडे बघतच राहिलो. मग मुकाट्याने शिरीष मागितला.

पण बाईने तेवढ्यावर रोप दिलं नाही. आधी खड्डा बघायला घरी आली. विचारलं, "आधीचं झाड कशाने गेलं?"

"वाळलं."

"वाळलं म्हणजे?"

"वाळलं म्हणजे वाळलं हो."

तिने बाजूला पडलेलं खुंट पालथं करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. खड्डा रुंद करा, खोल नको, मुळं गोल फिरलेली असली तर बोटांनी सोडवा, आधाराची काठी दोन वर्षांत काढून टाका, अशा शंभर सूचना दिल्या. गेल्या रविवारी लावलं. माझ्या कमरेएवढं आहे. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतं. वहिनी आता त्याच्यासाठी रोज धुण्याचं शेवटचं पाणी राखून ठेवते. थंडीत ते बोडकं होईल तेव्हा मेलं म्हणून रडायचं नाही, हे मी तिला आत्ताच बजावून ठेवलंय.

एक विचारायचं होतं. बियांपासूनही दोन-चार रोपं करून ठेवावीत असं वाटतं. आई बी गरम पाण्यात टाकायची हे आठवतं, पण पाणी उकळतं की नुसतं कोमट, हे आठवत नाही. तू सारखा तिच्या मागेमागे असायचास. तुला माहीत असेल तर कळव.

बाकी त्या वेळी घरात जे झालं ते काही कोणी ठरवून केलं नव्हतं. आईचा स्वभाव तुला ठाऊक होता. डोक्यात एकदा भरलं की भरलं. जुनं उगाळत बसायचं नाही असं मी तरी ठरवलंय.

कधी इकडे येणं झालं तर झाड बघून जा.

तुझा
दादा


२७ जुलै

प्रिय गुंड्या,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी. 'बी उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्यायचं. बुंध्याभोवती हातभर जागा उघडी ठेव, या वेळी विटा काढू नकोस.' ना वर दादा, ना खाली सही.

पोस्टमनने कार्ड दिलं तेव्हा मी अंगणात होतो. वाचलं, परत वाचलं आणि तिथेच खड्ड्याच्या कडेला बसलो. मग वहिनीला हाक मारावी लागली, कारण उठता येईना. तिने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, बी भिजवायचं लिहिलंय.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

मागच्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. 'जुनं लाकूड होतं, काढून टाकलं' असं लिहिलं. आता नीट लिहितो. प्लंबरने खुंटाभोवतीची फरशी काढली, तिच्याखालचा मुरूम आणि विटांचे तुकडे उपसले. चांगली दीड वीत भर निघाली. तेवढा बुंधा त्या भरावाखाली पुरलेला होता. त्याची साल काळी पडून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी हातात येत होती. माझ्या फरशीच्या कापलेल्या कडा लाकडात रुतल्या होत्या. प्लंबर म्हणाला, "आयला, गळाच आवळलाय की कोणीतरी!" मी म्हटलं, "चहा घेणार का?"

रोपवाटिकेतल्या बाईला मी नंतर जाऊन विचारलं. दुसऱ्या कोणाच्या तरी झाडाचं विचारतोय असं दाखवून. ती म्हणाली, खोड जिथे मुळांकडे फाकतं तो भाग उघडाच राहावा लागतो. तो पुरला की साल कुजते, वरून फरशी घट्ट बसवली की मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही. चार-पाच वर्षं आधीच्या साठ्यावर काढतं. माणसाला पत्ता लागत नाही.

आपल्या झाडानेही चार वर्षं काढली. मोजून बघ.

ते अंगण केलं तो दिवस मला लख्ख आठवतो. आईचा पाय चिखलात घसरला होता, म्हणून दारापर्यंत भर घालून सगळं उंच घ्यायचं असं मी ठरवलं. हे तर खरंच. पण मला गिऱ्हाइकांना दाखवायला एक नमुनाही हवा होता, हेही तितकंच खरं. तू पहाटेपासून बेकरीच्या भट्टीवर राबून दहा वाजता आलास आणि झोपायच्या आधी बुंध्याभोवती हातभर अंतरावर विटांचं कडं रचून ठेवलंस. दुपारी मी ते उचललं. तू खिडकीतून बघत होतास.

"दादा, तेवढी जागा मोकळी राहू दे."

"मध्येच असं विहिरीसारखं भोक? नक्षीची वाट लागेल."

"अरे, झाड म्हणजे काय खांब आहे का?"

"तू तुझे पाव भाज. फरशी मला कळते."

मग मी बुंध्याच्या आकारात फरशी कापली. एकेक तुकडा कानशीने घासून असा बसवला की सालीत आणि फरशीत बोट शिरणार नाही. आयुष्यात तसं काम दुसरं केलं नाही. बघायला आलेला प्रत्येक माणूस वाकून त्या सांध्यावरून हात फिरवायचा.

तुझ्यावर रागही येतो आहे, तोही लिहून टाकतो. तुला कळत होतं तर त्या दिवशी आईसमोर का बोलला नाहीस? तोंड शिवलं होतं का? एक वाक्य बोलायचं होतं, 'दादाने फरशी घातली म्हणून झाड मेलं.' विषय संपला असता. तुझं घर सुटलं नसतं.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवून अर्धा तास हिंडून आलो. उलटा तुझ्यावरच राग काढतोय मी. हा दादा तुला चांगला ओळखीचा असेल.

तो दिवस. शाळेतल्या शिरीषाला पालवी येऊन महिना झाला होता आणि आपलं झाड उभंच होतं. पानझडीच्या झाडाचं हेच वाईट, झोपलंय की गेलंय हे बाहेरून कळत नाही. आई रोज म्हणायची, 'याला यंदा उशीर झालाय.' रोज नखाने साल खरवडून हिरवं दिसतंय का ते बघायची. त्या दिवशी तिला बुंध्यामागे, तुझ्या खिडकीखाली, फरशी धुवायच्या ॲसिडचा डबा सापडला. रिकामा. आणि तू कितीतरी वर्षं म्हणत होतास की दिवसा झोपायच्या वेळेला या वाळक्या शेंगा कानाशी खुळखुळतात, एक दिवस या झाडाला ॲसिडच पाजतो. आम्ही सगळे हसायचो. तूही हसायचास.

ती डबा घेऊन स्वयंपाकघरात आली. तू नुकताच आला होतास, कोपरापर्यंत पीठ होतं. ती म्हणाली, "हे काय आहे?" तू म्हणालास, "आई, मी नाही." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "डबा तुझा आहे. तू संपवलास का?"

मी म्हणालो, "मी तर भरलेला ठेवला होता."

गुंड्या, तो मी संपवला होता. त्याच आठवड्यात एक मोठा ठेकेदार अंगण बघायला येणार होता, म्हणून सगळी फरशी मी ॲसिडने घासून घेतली होती आणि डबा तिथेच टाकला होता. आईने विचारलं त्या क्षणी मला वाटलं, माझ्या त्या धुण्यानेच झाड मेलं. फरशीचं कारण तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला मी, तिने नुसते डोळे वटारले आणि मी सात वर्षांच्या पोरासारखा खोटं बोललो. नुसते मूग गिळले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तर बोललो.

ती तुला म्हणाली, 'माझ्या डोळ्यांसमोर राहू नकोस.' तू एकदा खाली फरशीकडे पाहिलंस, एकदा माझ्याकडे. मला वाटलं, तुला डब्याचं कळलंय. आज कार्ड आल्यावर कळलं, तू फरशीचं बघत होतास. आठव्या दिवशी तू धाकटीला आणि तीन वर्षांच्या पोरीला घेऊन गेलास. सामान टेम्पोत चढवायला मी मदत केली, एवढा मी मोठ्या मनाचा.

काल अक्काला फोन करून हे सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलास का?" आणि फोन ठेवला. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

विटांचं कडं केलंय. तुझ्यापेक्षा वीतभर मोठंच केलंय. नवी फरशी घालणार नाही, तिथे मातीच राहील.

आता लपवलेलं काही उरलं नाही. माफ कर म्हणायला तोंड नाही, पण म्हणतो.

तुझा अपराधी
दादा


१९ ऑगस्ट

गुंड्या,

या वेळी पत्र आलं, कार्ड नाही. पाकीट जाड लागलं म्हणून मी आधी वहिनीकडेच दिलं. तिने वाचलं आणि रडायला लागली. मग उठून माळ्यावरची गादी खाली काढायला लावली, चादरी धुवायला घेतल्या, पडदे काढले. गुडघा कुठे दुखतो तिचा कोण जाणे. 'पोरगी चौदा वर्षांची झाली, तिला काय आवडतं काही माहीत आहे का तुम्हाला?' असं मला दिवसातून चारदा विचारते.

तू लिहितोस, 'विटांचं तेव्हा बोललो असतो तर आईने तुला घराबाहेर काढलं नसतं, पण तुझ्याशी धड बोललीही नसती आणि तिचं सगळं तुझ्याच हातात होतं. मी कुठेही गेलो तरी भट्टी मिळते.' लिहितोस, 'डब्याचं वाचून दोन दिवस कामावर कोणाशी बोललो नाही, तिसऱ्या दिवशी पीठ मळताना राग उतरला.' लिहितोस, पुढच्या रविवारी सगळे येतो.

मी हे किती वेळा वाचलं ते सांगत नाही. अशा पत्राची माझी लायकी नाही, एवढं मला कळतं.

पण शेवटी तू लिहिलंयस, 'एकच लागून राहिलंय. आईने शेवटपर्यंत माझं नाव काढलं नाही. एका झाडासाठी तिने इतका राग धरला. पण त्याला आता तू तरी काय करणार.'

तीन दिवस झाले, या ओळींपाशी बसलोय. मागच्या पत्रात 'लपवलेलं काही उरलं नाही' असं लिहिलं, तेही खोटं होतं. आता मला दोन गोष्टी करता येतात. गप्प बसायचं. रविवारी तू येशील, पोरगी येईल, मी तुझ्या पाठीवर हात ठेवीन आणि म्हणेन, 'हो रे, आई तशीच होती, हट्टी.' तू मान डोलावशील. आई काही सांगायला येणार नाही. अकरा वर्षांनी भाऊ घरी राहायला येईल, आणि मला तू यायला हवा आहेस, गुंड्या. खरंच हवा आहेस. चादरी वाळत घातलेल्या बघितल्या की मी दोरीपाशी जाऊन त्या उगाच सारख्या करतो.

पण तसं केलं तर आधी तुझ्यावर आळ घेतला आणि आता आईवर घेतल्यासारखं होईल. म्हणून ऐक.

शेवटच्या वर्षी आई खाटेवरच होती. खाट बाहेरच्या खोलीत, दाराशी लावली होती. एका दुपारी मी तिची नखं कापत होतो. ती अंगणाकडे बघत होती. एकदम म्हणाली, "गुंड्याला बोलाव."

मी म्हटलं, "बघू."

"बघू काय? बोलाव."

फोनवर तिला काही ऐकू येत नसे, हे तुला कदाचित माहीत नाही. अक्काला सांगू नकोस म्हणाली. अक्कासमोरच तुझं तोंड बघणार नाही म्हणून शपथ घेतली होती ना, आता अक्का हसेल याची लाज. म्हणजे बोलावायचं ते मीच. तिसऱ्या दिवशी विचारलं, "कळवलंस?" मी म्हटलं, "पत्र टाकलंय." टाकलं नव्हतं. आठवड्याने विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हणालो, "येत नाही म्हणाला. राग आहे अजून."

ती म्हणाली, "असणारच." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. रात्री जेवली नाही.

का केलं, तेही सांगतो. तू आला असतास तर पहिल्या पाच मिनिटांत डब्याचा विषय निघाला असता. तू पुन्हा म्हणाला असतास, मी नाही. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं असतं. तिला मी दिवसातून दोनदा उचलून बसवत होतो, अंग पुसत होतो, औषधं भरवत होतो. शेजारीपाजारी म्हणायचे, मुलगा असावा तर असा. ते सगळं एका दुपारीत जाईल या भीतीने मी तुम्हा दोघांना भेटू दिलं नाही. एवढं साधं कारण आहे. मोठं काही असतं तर लिहिलं असतं.

त्यानंतर तिने आणखी दोनदा विचारलं. मी दोन्हीदा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तर मी तुझा आवाजही काढला थोडा, ती खरं मानेल म्हणून.

मग जायच्या आधी वीसेक दिवस तिने मला खाटेजवळ बसवलं आणि एक निरोप दिला. शाळेत वर्गावर्गातून सूचना फिरवणारी बाई ती, निरोप कसा द्यायचा हे तिला कोणी शिकवायला नको होतं. मला दोनदा म्हणायला लावला. एक शब्द चुकला तर थांबवून दुरुस्त केला. म्हणाली, "पत्राने येत नसेल तर स्वतः जा. जाशील ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन घरातून निघालो, दिवसभर एका साइटवर बसून राहिलो आणि संध्याकाळी परत आलो. म्हटलं, "घरी नव्हता. शेजाऱ्याकडे निरोप ठेवलाय."

ती गेली त्या दिवशी मात्र अक्काकडून तुला लगेच कळवलं. तू आलास. तिला पोचवून आल्यावर अंगणात मला बाजूला घेतलंस आणि विचारलंस, "दादा, माझी आठवण काढली का रे तिने?" तू त्याच फरशीवर उभा होतास. मी म्हणालो, "बोलायच्या अवस्थेत नव्हती." तू 'बरं' म्हणालास आणि संध्याकाळच्या बसने गेलास. या सात वर्षांत त्या 'बरं'ने मला जेवढं छळलं तेवढं कशानेच छळलं नाही.

आईला वाटलं, तू राग धरलास. तुला वाटलं, तिने धरला. कोणीच धरला नव्हता. मध्ये मी होतो.

वहिनीला काल सगळं सांगितलं. तिने हातातला पडदा खाली ठेवला. मी म्हटलं, रविवार होऊन जाऊ दे का, मग सांगतो त्याला, समोरासमोर? ती म्हणाली, "पत्र टाकून या आधी. मगच घरात पाणी मागा." त्यानंतर तिने पडदे परत लावले, पण माझ्याशी बोलत नाही.

पोस्टात विचारून आलो, हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. म्हणजे निघायच्या आधी दोन दिवस तुझ्या हातात आहेत. आलास तर फाटकाशी उभा असेन. नाही आलास तर वहिनीला मी सांगेन की चूक तुझी नाही, आणि पोरीला तूच सांग की तिच्या आजीच्या घरी ती केव्हाही येऊ शकते, मी असलो तरी आणि नसलो तरी. माफी या वेळी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी काही लादायचा मला हक्क नाही.

आईचा निरोप आता तिच्याच शब्दांत लिहितो. माझा एकही शब्द त्यात नाही. तिने दोनदा म्हणून घेतला होता, म्हणून बरोबर आहे याची खात्री धर.

'गुंड्याला म्हणावं, तू केलंस तरी माझाच आणि नाही केलंस तरी माझाच. मला काही विचारायचं नाही. फक्त ये. दार नुसतं लोटलेलं आहे, कडी लावलेली नाही.'

एवढाच निरोप होता. सात वर्षं माझ्याजवळ राहिला.

दादा